तेरा दिवस जुना चंद्र

प्रकाशाचा वेग शिकवायचा असेल तर मुलींना आधी कड्यावर न्यावं लागतं. आमचं गाव सरकारी कागदांत उस्मानाबाद आणि बोलण्यात धाराशिव. गावाबाहेर थोडं चाललं की जमीन एकदम खाली उतरते. खाली ओढा आहे आणि ओढ्यावर परीट कपडे धुतात. वरून बघितलं तर परीट धोतराचा पिळा डोक्यावर उचलतो, खडकावर आपटतो, आणि काहीच ऐकू येत नाही. तो पिळा पुन्हा उचलतो, आणि हात वर असतानाच मघाच्या आपटण्याचा आवाज येतो. ज्या मुलीनं हे एकदा पाहिलं तिला आवाज चालत येतो हे पुन्हा सांगावं लागत नाही. शाळेत उपकरणं नव्हती. एक फुटकी दुर्बीण, दोन लोहचुंबक आणि ओढ्यावरचे परीट एवढीच माझी प्रयोगशाळा. त्या परटांना हे कधी कळलं नाही.

मी मुलींच्या शाळेत शिकवते. निजामाचं राज्य होतं तेव्हा नोकरीला लागले, अजून त्याच शाळेत आहे. माझं स्वतःचं शिक्षण सिकंदराबादला इंग्रजी शाळेत झालं, पुढं हैदराबादला कॉलेजात. तिथून इथं का आले हा घरचा विषय आहे, तो इथं नको. सांगायचं ते एवढंच की मी इंग्रजीत विचार करत होते, क्रमिक पुस्तक उर्दूत होतं, आणि समोर बसलेल्या मुली मराठीत नाहीतर दखनीत हसत होत्या. त्यात मी बोलकी नाही. वर्गात उभं राहून लांबलचक सांगणं मला जमत नसे, म्हणून मी मुलींनाच विचारत राहायची. लोकांना वाटलं ही शिकवण्याची नवी पद्धत आहे. मीही ते खोडून काढलं नाही.

विज्ञान हा मुलींचा विषय नाही असं तेव्हा सगळ्यांचंच मत होतं, अगदी प्रेमानं असलेलं मत. मुलींसाठी खानादारी होती, म्हणजे घर कसं चालवावं, शिवण, स्वयंपाक, आजाऱ्याची काळजी. एक आई मला भेटायला आल्या होत्या. म्हणाल्या, "बाई, शिकवा की इज्ञान, आमचं काही न्हाय. पण चष्मा लागंल असं काही शिकवू नगा." मी त्यांना शब्द दिला. त्यांच्या मुलीला चष्मा लागला नाही, त्यामुळे त्या बाई अजून मला मानतात.

आमच्या मोठ्या बाई, म्हणजे हेडमिस्ट्रेस, मनानं माझ्या बाजूच्या होत्या, पण सावध. त्यांनी शिवणाच्या दोन तासांपैकी एक तास वरच्या वर्गाला विज्ञानासाठी काढून दिला आणि सांगितलं, "हा तास माझ्या जबाबदारीवर. ईदेनंतर मोहतमिमासाहेबा शाळा तपासायला येणार आहेत. त्यांनी मंजूर केला तर पक्का, मुली मॅट्रिकला विज्ञान घेऊन बसतील. नाही केला तर पुन्हा सुईदोरा." मोहतमिमा म्हणजे मुलींच्या शाळांच्या तपासनीस. त्यांच्या आधी शाळेच्या कमिटीचं मत जाणार होतं, आणि कमिटीत ज्यांच्या शब्दाला वजन होतं ते होते मौलवीसाहेब, मोहल्ल्याच्या मशिदीचे पेशइमाम. त्यांची नात सकीना माझ्याच वर्गात होती.

तर त्या पावसाळ्यात मी वरचा वर्ग कड्यावर नेला. पडदा लावलेल्या दोन दमण्या, म्हणजे हलक्या बैलगाड्या, केल्या, बरोबर शाळेची आया. सकीना दमणीतून उतरली आणि आल्याबरोबर सगळ्यांत लांबचा परीट तिनं ओळखला. तिची नजर मोहल्ल्यात प्रसिद्ध होती. चंद्रकोर बघायची वेळ आली की मोठी माणसं तिला माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छपरावर, बोलावून घेत. बोलणं मात्र मोजकं. मला तिच्याबद्दल एक प्रकारचा जिव्हाळा वाटे, त्याचं कारण उघड आहे.

तिच्या शेजारी कावेरी बसायची. कावेरी बेंबळीच्या बागायतदाराची मुलगी, शिकायला धाराशिवात मामाकडं राहिलेली. मामाचं घर मौलवीसाहेबांच्या घराला लागून, दोन्ही माळवदं एकमेकांना चिकटलेली. ती दोघींच्या वाटचं एकटीच बोलायची.

परटाचा आवाज आला तशी कावेरी म्हणाली, "बाई, आवाज दमत दमत चढ चढून आल्यावानी आला."

"आणि उजेड?"

"त्यो कुठं दमतोय. त्यो हितंच हाय."

मी सांगितलं की उजेडही चालतच येतो. फक्त तो इतका वेगानं चालतो की ओढ्यापासून इथवरचा वेळ आपल्याला मोजता येत नाही. चंद्रापासून इथं यायला त्याला सव्वा सेकंद लागतो, सूर्यापासून आठ मिनिटं. आपण बघतो तो सूर्य आठ मिनिटांपूर्वीचा असतो.

मग कावेरी म्हणाली, "आन् उजेड बी आवाजावानीच दमत चालला असता तर?"

मला उत्तर येत नव्हतं. असं झालं की मी म्हणते, उद्या सांगते. त्या संध्याकाळी घरी बसून मी हिशेब केला. मला आठवतं तो करताना मी जेवायचं विसरले आणि आईची बोलणी खाल्ली. प्रकाशाचा वेग आवाजाइतका कमी झाला तर चंद्राचा उजेड इथं पोचायला साधारण तेरा दिवस लागतील आणि सूर्याचा चौदा वर्षं.

दुसऱ्या दिवशी वर्गात हे आकडे सांगितले तेव्हा जो गोंधळ झाला तसा गोंधळ प्रत्येक शिक्षकाच्या वाट्याला एकदा तरी यावा.

"म्हंजी म्या जन्मले तवा निघालेलं ऊन आज अंगावर पडलं असतं," कावेरी म्हणाली. "म्या आले आन् माजं ऊन बी निघालं. आत्ता भेट झाली."

मागून कोणी तरी म्हणालं, "तुझ्यासारखंच उशिरा शाळेत आलं."

"आन् मधीच सूर्य इजला तर?"

"चौदा वर्षं कळणार नाही," मी म्हणाले. "उजेडही येत राहील आणि ऊबही, कारण ऊबही उजेडाबरोबरच येते."

"म्हंजी मेलेल्या सूर्यावर आमी वाळवणं घालणार."

मग कावेरीनं बोटांवर काही मोजलं आणि म्हणाली, "बाई, चंद्र तेरा दिवस मागं म्हंजी अवसेला जवळजवळ पुनव दिसंल की."

तेव्हा सकीना बोलली. "मग रमजान कधी धरायचा?"

"तुमचं तुमी बघा," कावेरी म्हणाली. "आमचं पंचांगात लिवल्यालं असतंय. आमाला आभाळाकडं बघायला लागत न्हाय."

"तुझी मामी संकष्टीला माळवदावर काय बघते मग? कबुतरं?"

सगळा वर्ग हसला. कावेरीही हसली, पण हार मानली नाही. म्हणाली, "पंचांगवाल्यानं बी आदी कवा तरी आभाळात बघूनच लिवलं आसंल. म्हंजी त्येचं पंचांग बी तेरा दिवस मागंच. मग कुनालाच काय कळलं नसतं."

शिक्षक म्हणून माझा जो काही अभिमान आहे तो अशा वाक्यांवर उभा आहे. कुठल्याही पुस्तकात नसलेली गोष्ट तिनं स्वतः काढली होती. सगळं जगच सारखं उशिरा बघत असेल तर उशीर झालाय हे कळायला दुसरं काही तरी लवकर पोचणारं हवं. कड्यावर आपल्याला आवाजाचा उशीर कळतो, कारण उजेड आधी येतो. उजेडाच्या आधी येणारं जगात काहीच नाही.

पुढं दोन-तीन तास आम्ही याच खेळात घालवले. मी त्यांना हेही सांगितलं की हा खेळ फक्त उशिरा दिसण्याचा नाही. कॉलेजात शेवटच्या वर्षी आमच्या प्राध्यापकांनी एक गोष्ट समजावली होती, मला समजली तेवढी मी मुलींना दिली. सूर्य लाकडासारखा जळत नाही. त्याच्या स्वतःच्या वजनातच उष्णता साठलेली आहे, आणि वजनाच्या प्रत्येक गुंजेत ती किती, हे प्रकाशाच्या वेगावरून ठरतं. वेगाला वेगानंच गुणायचं. वेग निम्मा केला तर सूर्याची शिदोरी चौथाई. वेग दहावा हिस्सा केला तर शिदोरी शंभरावा हिस्सा. आवाजाइतका केला तर सूर्य उगवेल की नाही याचीच शंका. कंदिलाची वात कमी-जास्त करावी तसा हा आकडा कमी-जास्त करता येत नाही. त्याला हात लावला की चूलही बदलते, भाकरीही बदलते आणि खाणाराही.

पण खरं सांगायचं तर मुलींच्या मनात शिदोरीपेक्षा तेरा दिवस जुना चंद्र जास्त पक्का बसला. सव्वा सेकंद ही खरी संख्या, ती मी फळ्यावर लिहिली होती. खेळातला आकडा मोठा होता, म्हणून तोच घरी गेला.

पुढच्याच आठवड्यात शाबानची एकोणतिसावी तारीख आली. त्या संध्याकाळी चंद्रकोर दिसली तर दुसऱ्या दिवसापासून रमजानचे रोजे, नाही दिसली तर आणखी एक दिवस थांबायचं. मी तिथं नव्हते. जे घडलं ते दुसऱ्या दिवशी दुपारनंतर कावेरीनं मला शाळेच्या दारातच सांगितलं.

"बाई, तुमच्या तासानं लई घोळ केला."

"काय झालं?"

आभाळ भरलेलं होतं. माळवदावर मौलवीसाहेब आणि मोहल्ल्यातली चार मोठी माणसं, पलीकडच्या माळवदावर बायका, आणि मामाच्या बाजूनं कावेरी. कुणालाच काही दिसेना. ढग जरासा फाटला आणि सकीनानं बोट वर केलं. मग पुन्हा ढग मिटला. आभाळ असं झाकलेलं असलं तर रमजान धरायला एका भरवशाच्या माणसाची साक्ष पुरते, ती बाईची असली तरी चालते. सगळे सकीनाकडं बघायला लागले. मौलवीसाहेबांनी विचारलं, "बेटी, चंद्र दिसला?"

"दिसला, दादाजान."

"आपल्या डोळ्यांनी पाहिला, अशी शहादत देतेस?"

"आन् हितं ही बया थांबली, बाई," कावेरी म्हणाली. "म्हनली, दिसला, पन जो दिसला तो आत्ता तिथं हाय का न्हाय, ते मी न्हाय सांगू शकत."

"मग?"

"मग आजोबा म्हनले, शहादतीत पन चालत न्हाय. आन् खाली उतरले."

दुसऱ्या दिवशी रोजा धरला गेला नाही. दुपारी मुरुमच्या बाजाराहून आलेल्या दोघांनी मशिदीत शपथेवर सांगितलं की तिकडं आभाळ मोकळं होतं आणि चंद्र सगळ्या गावानं पाहिला. ताटावर बसलेले लोक अर्ध्या जेवणावरून उठले. रमजान सुरू झालेला आहे हे कळल्यावर उरलेला दिवस काही खायचं नाही, आणि चुकलेला रोजा ईदेनंतर कधी तरी भरून काढायचा, असा नियम. एक अख्खा मोहल्ला एका मुलीच्या एका 'पण'मुळे एक रोजा मागं पडला होता.

"सकीना कुठं आहे?"

"घरी. आजोबा काहीच बोलले न्हाईत तिला. त्येचंच तिला भ्या वाटाया लागलंय."

संध्याकाळपर्यंत गोष्ट गावभर झाली होती, आणि गावभर होताना तिचं रूप बदललं होतं. शाळेतल्या इंग्रजी शिकलेल्या बाईनं मुलींना सांगितलं की चंद्र खोटा असतो. कुणी म्हणालं, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका असं शिकवलं. मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. त्या रागावल्या नाहीत, थकल्यासारख्या दिसल्या. म्हणाल्या, "तपासणी होईपर्यंत तुमचा तास बंद. मुली शिवणाला बसतील. मौलवीसाहेब कमिटीत काय म्हणतील ते तुम्हाला मी सांगायला नको."

मी हो म्हणाले. मला भांडता येत नाही. तो सगळा महिना मी मुलींना काजं करायला शिकवत होते. मला काजं करता येत नाहीत. मुलींनीच मला शिकवली.

सकीना शाळेत येत राहिली. ती आणि मी एकमेकींकडं बघायचं टाळत होतो. एकदा तास संपल्यावर ती टेबलापाशी थांबली आणि म्हणाली, "बाई, मी खोटं नव्हते बोलले."

"माहीत आहे मला."

"खरं बी नव्हतं का?"

"खरं होतं," मी म्हणाले. "पण त्यांनी विचारलेलं वेगळं होतं." पुढचं मला त्या वेळी नीट मांडता आलं नाही. ते मांडायची वेळ लवकरच आली.

रमजान निम्मा झाला असेल, मौलवीसाहेब शाळेत आले. उंच, सडपातळ, पांढरी दाढी, हातात काठी असून ती टेकत नसत. मोठ्या बाईंच्या खोलीत बसले, मला बोलावलं. मी हातात पाटी घेऊन गेले, पृथ्वी आणि चंद्र काढून दाखवायला. चित्र असलं की मला बोलावं कमी लागतं.

"पाटी ठेवा, बाई," ते म्हणाले. "मी ऐकायला आलोय. चंद्र खोटा असतो का?"

"नाही. चंद्र आहे तिथंच आहे. त्याचा उजेड पोचायला सव्वा सेकंद लागतो."

"म्हणजे माझी नात बरोबर बोलली. दिसला तो आत्ताचा नव्हता."

"बरोबर बोलली."

"आणि त्या सव्वा सेकंदात चंद्र किती सरकतो?"

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, पण उत्तर मी पंधरा दिवस काजं करता करता काढून ठेवलेलं होतं. "एक मैलसुद्धा नाही. आणि चंद्र रुंदीला दोन हजार मैलांच्या वर आहे."

त्यांनी मान हलवली. "म्हणजे शाळेच्या दारातला माणूस उंबऱ्यावर अर्धं पाऊल सरकला, आणि ही पोर मला सांगते की तो दारात आहे की नाही ते माहीत नाही."

मोठ्या बाई हसणार होत्या, पण माझ्याकडं बघून थांबल्या. मला मात्र तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली नाही. माणूस माझ्याच भाषेत बोलत होता.

"तेवढंच नाही," मी म्हणाले. "तो एक मैल सरकला नसता, हजार मैल सरकला असता, तरी तिची साक्ष खरीच असती. तुम्ही तिला विचारलं, पाहिलास का. चंद्र आत्ता कुठं आहे हे विचारलं नव्हतं. आमच्या विषयातही हेच आहे. काय दिसलं ते आधी लिहायचं, जसंच्या तसं. त्यातून चंद्र कुठं असेल हा हिशेब वेगळा, तो नंतर. तिनं दोन्ही एकत्र केलं."

"तुम्ही तिला हे शिकवलं होतं?"

"तिथवर पोचलो नव्हतो. तास बंद झाला."

त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाले, "आमच्यातही हुकूम बघण्याचाच आहे. तुमचा तो तेरा दिवस जुना चंद्र असता तरी आम्ही तोच बघून रोजा धरला असता. अल्लाहनं माणसाकडून डोळ्यापलीकडचं मागितलेलं नाही."

उठताना ते मोठ्या बाईंना म्हणाले, "कमिटीचं मत मी तपासणीच्या दिवशीच सांगेन." कुठल्या बाजूचं, ते काही सांगितलं नाही. तास बंदच राहिला.

ईद झाली, आणि काही दिवसांनी मोहतमिमासाहेबा आल्या. त्या मूळच्या हैदराबादच्या, करड्या रंगाचा बुरखा, चष्मा, आणि प्रत्येक वस्तू उलटी करून बघायची सवय. मुलींचं भरतकाम त्यांनी मागच्या बाजूनं बघितलं. खानादारीच्या वर्गात डब्यांची झाकणं उघडली. शेवटी वरच्या वर्गात आल्या. मौलवीसाहेब कमिटीच्या वतीनं दाराशी खुर्चीवर बसले होते. मोठ्या बाईंनी त्यांना सरबत विचारलं तर त्यांनी हात हलवून नको म्हटलं.

मोठ्या बाईंनी खालच्या आवाजात विज्ञानाच्या तासाची गोष्ट काढली. मोहतमिमासाहेबांनी पहिला प्रश्न केला तो अपेक्षितच होता. "मुलींना याचा उपयोग काय? खानादारी आहे, ती पुरेशी आहे." मग वर्गाकडं वळून म्हणाल्या, "काय शिकलात? कोण सांगेल?"

मी सकीनाकडं बघितलं. ती खाली बघत होती. कावेरी उभी राहिली होती, तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"साहेबा, उजेडाचा येग निम्मा झाला तर सूर्याची शिदोरी चौथाई व्हती."

"शिदोरी म्हणजे?"

"त्येच्यात साठल्याली ऊब. येगाला येगानं गुनायचं आसतंय. मग सूर्य पुरंना. सूर्य पुरंना तर जवारी न्हाय. जवारी न्हाय तर भाकरी न्हाय." कावेरीनं श्वास घेतला. "मग तुमी खानादारी कशाची शिकवनार?"

मोठ्या बाईंनी डोळे मिटले. मोहतमिमासाहेबांनी चष्मा काढून पुसला. पुसायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला, आणि त्यांचे खांदे हलत होते असं मला वाटलं. पण चष्मा पुन्हा घातला तेव्हा चेहरा होता तसाच होता.

"हाजिरजबाब आहे मुलगी," त्या म्हणाल्या. "पण एका मुलीच्या जिभेवर मी तास देऊ शकत नाही. कमिटीचं काय म्हणणं आहे?"

कावेरीबद्दल इथंच लिहून टाकते. पुढच्या वर्षी ती शाळेत नव्हती. तिला सास्तूरला दिली. मॅट्रिकला ती बसली असती तर काय झालं असतं हा हिशेब मी करत नाही. मला जमणारा नाही तो. एकदा बाजारात भेटली, कडेवर मूल होतं. म्हणाली, "बाई, ह्येला बी कड्यावर न्हेऊन परीट दावला." तेवढ्यावर मी समाधान मानलं असं म्हणवत नाही.

तर मौलवीसाहेब उभे राहिले. काठी खुर्चीला टेकवली.

"मी आज रोज्यानं आहे," ते म्हणाले. "आमचा सगळा मोहल्ला आज रोज्यानं आहे. रमजानमध्ये एक चुकला होता, तो भरतोय. तो का चुकला त्याचं कारण या वर्गात बसलेलं आहे."

सकीनाचे कान लाल झालेले मला दिसत होते. मी माझ्या हातांकडं बघत होते, सुईनं टोचलेल्या बोटांकडं, आणि मनात म्हणत होते की आता उद्यापासून रोजच काजं.

"इतकी वर्षं मी चंद्राच्या शहादती ऐकतो," मौलवीसाहेब पुढं म्हणाले. "लोक ढगातला कापूस बघून चंद्र सांगतात. शेजाऱ्यानं पाहिला म्हणून आपण पाहिला म्हणतात. पाहिलं त्याच्यापेक्षा जास्त सांगणारे मी पुष्कळ पाहिले. पाहिलं त्याच्यापेक्षा कमी सांगणारी ही पहिलीच. तेही चूकच आहे, त्याची किंमत आम्ही आज उपाशी राहून देतोय. पण जास्त सांगणाऱ्याला कमी बोलायला शिकवणं मला आजवर जमलेलं नाही. हिला उरलेलं शिकवता येईल, असं हिच्या बाई म्हणतात."

त्यांनी सकीनाकडं बघितलं. "उठ. आता विचारतो. त्या दिवशी चंद्र पाहिलास?"

सकीना उठली. "पाहिला, दादाजान."

"आणि?"

"आणि काही नाही. पाहिला."

"बस."

ते मग माझ्याकडं वळले. मोहतमिमासाहेबांच्या हातात लेखणी होती, शेऱ्याचा कागद समोर होता, त्यावर अजून काही लिहिलेलं नव्हतं. मौलवीसाहेब म्हणाले, "बाई, हळू चालणाऱ्या उजेडाचं सगळं ऐकलं. रात्री पडल्या पडल्या दुसराच प्रश्न येतो. उजेडाला चालावंच लागलं नसतं तर? निघाला त्याच क्षणी पोचला असता, तर हे सगळं कसं असतं?"

वर्गातल्या सगळ्या मुली माझ्याकडं बघत होत्या. एरवी मी म्हणाले असते, उद्या सांगते. पण या प्रश्नावर मी त्या महिन्यात पुष्कळ विचार केलेला होता, आणि उत्तर लहान नव्हतं. प्रत्येक तारा आजचा दिसला असता, इथून सुरुवात करायची, आणि सूर्याच्या शिदोरीला मग मापच राहणार नाही, तिथपर्यंत जायचं. मधे किती तरी पायऱ्या होत्या. त्या उभ्या उभ्या चढण्यासारख्या नव्हत्या.

मी म्हणाले, आणि माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला हे मलाच नवल वाटलं, "मौलवीसाहेब, याला एक तास लागेल."

मौलवीसाहेबांनी काठी हातात घेतली. मग मोहतमिमासाहेबांकडं वळून म्हणाले, "द्या मग यांना तास."

मोहतमिमासाहेबांनी कागद पुढं ओढला आणि लिहायला सुरुवात केली.